केबलवाल्याची वही

मागच्या व्याख्यानात आपण वर्तमानपत्राचा खप कसा मोजतात आणि तो फुगवायच्या युक्त्या कोणत्या, हे पाहिलं. आज केबल टेलिव्हिजन. विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, तुमचं आयुष्य न्यायदर्शन शिकवण्यात गेलं, तुम्हाला केबलचं काय?" त्याला म्हटलं, वर्गात आम्ही 'माणसाला ज्ञान होतं कसं' हा प्रश्न घट, पट आणि डोंगरावरचा धूर घेऊन शिकवला. पण आपल्या देशात एक अख्खा धंदा वीस-पंचवीस वर्षं याच प्रश्नावर अडून बसला होता. प्रश्न अगदी साधा : या तारेच्या टोकाला घरं किती?

आमच्या इमारतीपासून सुरुवात करू. नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली. महिन्याच्या पाच-सहा तारखेला एक मुलगा यायचा. काखेत लांबट वही. पैसे घ्यायचा, आपल्याकडच्या कार्डावर सही करायचा, वहीत खूण करायचा आणि वरच्या मजल्यावर पळायचा. पावती मागितली तर नुसता हसायचा. त्याच्या मालकाशी आमची चांगली ओळख झाली होती, कारण त्यांचा पुतण्या आमच्या कॉलेजात होता. एकदा जिन्यात भेटले, तेव्हा सहज विचारलं, "तुमची एकूण कनेक्शनं किती हो?" ते म्हणाले, "सर, विचारतंय कोण त्यावर आहे."

आम्हाला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. या उत्तराचा अर्थ लावणं, एवढंच आज करायचं आहे.

आधी थोडा इतिहास, भरभर. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ साली आशियाई खेळांच्या निमित्ताने रंग आला. त्याच सुमारास व्हीसीआर घराघरांत येऊ लागला, म्हणजे ज्यांना परवडत होता त्यांच्या घरात. मुंबईच्या उंच इमारतींत गच्चीवर एक सामायिक अँटेना असे आणि त्याच्या तारा प्रत्येक घरात उतरलेल्या असत. कुणाच्या तरी डोक्यात आलं की या तारांच्या वरच्या टोकाला अँटेनाबरोबर व्हीसीआरही जोडता येईल. झालं. एक कॅसेट लावायची, साठ घरं सिनेमा बघणार. साधारण १९८४ पासून मुंबईत हे दिसू लागलं. मग तार शेजारच्या इमारतीत गेली, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या चाळीत. रात्री अकराला कोणता सिनेमा लागणार ते जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं.

अमेरिकेत केबलचा जन्म वेगळ्या कारणाने झाला. पेनसिल्व्हेनियातलं महनॉय सिटी हे गाव डोंगरांच्या कुशीत आहे, तिथे फिलाडेल्फियाचं प्रक्षेपण पोहोचत नसे. १९४८ साली तिथल्या जॉन वॉल्सन नावाच्या दुकानदाराने डोंगरावर अँटेना उभारून तार खाली आणली, कारण त्याला दुकानातले टीव्ही खपवायचे होते, असं सांगितलं जातं. पुढे तिथे गावागावाच्या नगरपालिकांनी एकेका कंपनीला रीतसर परवाना दिला. रस्ता आमचा, तुम्ही तार टाका, त्याचं शुल्क द्या. आपल्याकडे यातलं काहीच झालं नाही. तार आधी आली. कायदा दहा वर्षांनी.

आणि त्या दहा वर्षांत आकाश बदललं. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं. सीएनएनवर बगदादचं रात्रीचं आकाश पंचतारांकित हॉटेलांतून लोकांनी पाहिलं आणि काही हुशार केबलवाल्यांनी गच्चीवर मोठ्या छत्र्या बसवल्या. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीच्या वाहिन्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून खाली येऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, हिंदीत. १९९३ मध्ये रुपर्ट मर्डोक यांनी स्टारचा बहुतांश हिस्सा विकत घेतला. मराठीत १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. हे सगळं आकाशातून फुकट पडत होतं. छत्री एकदा बसवली की केबलवाल्याला वरून काही द्यावं लागत नव्हतं. त्याचा खर्च तारेचा, अँप्लिफायरचा, पोरांच्या पगाराचा. घरटी येणारे पैसे त्याचे.

मग कायद्याचं काय? कायदा होता १८८५ चा, टेलिग्राफचा. राजस्थान उच्च न्यायालयासमोर १९९३ मध्ये हा प्रश्न गेला, तेव्हा न्यायालयाने केबलचं जाळं हे त्या कायद्याच्या अर्थाने 'टेलिग्राफ'च ठरवलं. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या तारयंत्राच्या व्याख्येत आमच्या जिन्यातली काळी तार बसवली गेली. सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला. त्यात केबलवाल्याची नोंदणी करायची कुठे? पोस्टात. हेड पोस्ट ऑफिसात अर्ज द्यायचा. आपल्या पोस्टखात्याने आजवर काय काय सांभाळलं, त्यात हेही.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ९ फेब्रुवारी १९९५ ला क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारचीही खाजगी मिळकत नव्हे. त्यातलं एक निकालपत्र आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं. लहरी लोकांच्या, हे ठरलं. पण लहरी छत्रीतून तारेत शिरल्या की मग कुणाच्या? त्याचं उत्तर तारेवरच्या माणसाने दिलं : एरिया माझा. कुठल्याही कायद्याने कुणालाही एरिया दिलेला नव्हता. तरी प्रत्येक वस्तीत केबलवाला एकच. याला थोडी दादागिरी कारणीभूत होती हे खरं आहे, पण ते अर्धंच कारण. एका गल्लीत एक तार टाकायला जो खर्च येतो तोच दुसरी तार टाकायला येतो, आणि गिऱ्हाईक मात्र निम्मं-निम्मं होतं. दुसरा आलाच तर दोघेही बुडतात, नाहीतर एक दुसऱ्याची लाइन विकत घेतो. लाइन विकत घेताना भाव ठरतो कनेक्शनवर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. खेळांच्या, सिनेमांच्या आणि मग मालिकांच्या वाहिन्यांनी हळूहळू सिग्नलला कुलूप लावलं. त्यांना पे चॅनेल म्हणू लागले. कुलूप उघडणारा डबा आणि त्यातलं कार्ड वाहिनीवाले द्यायचे. पण कुणाला? प्रत्येक घराला नव्हे. डबा असायचा केबलच्या कंट्रोल रूममध्ये. तोवर मधे मोठ्या कंपन्याही आल्या होत्या, सिटीकेबल, हॅथवे, इनकेबल यांसारख्या. त्या शहरात एका ठिकाणी सगळ्या वाहिन्या उतरवून घेत आणि अनेक छोट्या केबलवाल्यांना पुरवत. धंद्यात त्यांना एमएसओ म्हणतात. कुलूप त्यांच्याकडे उघडायचं आणि तिथून पुढे तारेतून जे जायचं ते सगळ्या घरांत सारखंच जायचं. अमुक घरात ही वाहिनी दिसेल आणि तमुक घरात नाही, अशी सोयच त्या जुन्या तारेत नव्हती. पैसे थकवले तर मुलगा शिडी लावून तारच कापायचा.

चाळीतला सामायिक नळ आठवा. नगरपालिकेचं मीटर नळाच्या तोंडाशी नाही आणि पाणी भरणारी कुटुंबं किती ते फक्त चाळीच्या मालकाला ठाऊक. नगरपालिका म्हणते, कुटुंबागणिक पैसे द्या. मालक विचारतो, कुटुंबं किती धरू?

वाहिनीचा हिशेब होता दर गुणिले घरं. दर वाहिनीवाला सांगणार, घरं केबलवाला सांगणार. एक उदाहरण घेऊ, आकडे आम्ही सोयीसाठी धरलेत. समजा वस्तीत हजार घरं आहेत आणि वाहिनीचा दर घरटी पाच रुपये. खरं सांगितलं तर महिन्याला पाच हजार द्यावे लागतील. केबलवाला म्हणतो, माझी घरं दोनशे. म्हणजे हजार रुपये. वाहिनीवाल्याला कळतंय की हा खोटं बोलतोय, पण सिद्ध करता येत नाही. त्याला निदान तीन हजार हवेत. मग तो काय करतो? घरांवर वाद घालत नाही, दर पंधरा रुपये करतो. दोनशे गुणिले पंधरा, तीन हजार. दर खोटा, घरं खोटी, गुणाकार मात्र दोघांना मान्य!

इथे कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? घासाघीस तर भाजीबाजारातही होते. बिघडलं ते असं. पुढच्या महिन्यात मुलगा वही घेऊन आपल्या दारात येतो आणि सांगतो, "काका, चॅनेलवाल्यांनी रेट तिप्पट केला, पाचाचे पंधरा. दहा रुपये वाढवलेत." हे तो दोनशे घरांत नाही, हजार घरांत सांगतो. केबलवाल्याचा खर्च वाढला दोन हजारांनी, वसुली वाढली दहा हजारांनी. वाहिनीवाल्याशी बोलताना जी आठशे घरं अस्तित्वातच नव्हती, ती आपल्या दारात येताना जिवंत झाली. आपण सगळे त्या आठशेंत होतो. पैसे भरत होतो आणि हिशेबात नव्हतो.

आता घरं खरंच मोजायची झाली तर कशी मोजायची? न्यायदर्शनात प्रमाणं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. धंद्याने चारही वापरून पाहिली.

शब्द म्हणजे केबलवाल्याचं निवेदन. पण नैयायिक कुणाचाही शब्द प्रमाण मानत नाहीत. तो आप्ताचा लागतो, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती दडवण्यात ज्याचा स्वार्थ नाही अशा माणसाचा. केबलवाल्याला वस्तुस्थिती पक्की ठाऊक होती. अडचण दुसऱ्या अटीची होती.

प्रत्यक्ष म्हणजे माणसं पाठवून दारोदार मोजणी. वाहिन्यांनी तीही केली. पण दार बंद असतं. उघडं असलं तर घरातली आजी म्हणते, आमच्याकडे केबल नाही बाई. कारण कोण आलंय, करवाला की पोलीस, तिला कळत नाही. आणि मोजणाऱ्याच्या मागून केबलवाल्याची दोन पोरं चालत असतात, नुसती चालत असतात, काही बोलत नाहीत.

मग अनुमान. जिथे तार तिथे कनेक्शन, जसा जिथे धूर तिथे अग्नी. वर्गात आम्ही विचारायचो, ही व्याप्ती कुठे मोडते? केबलच्या तारेत ती दर मजल्यावर मोडत होती. कापलेल्या तारा तशाच लोंबत असत. एका तारेला घरातच स्प्लिटर लावून भावाच्या खोलीतला टीव्ही जोडलेला असे. शेजाऱ्याने गुपचूप खिळ्याला खिळा लावून तार मारलेली असे, आणि मग दोघांच्याही पडद्यावर मुंग्या. त्यामुळे तारा मोजून खात्रीने काही सांगता येत नसे.

राहिलं उपमान. शेजारच्या एरियातल्याने तीनशे सांगितलेत, तुमचा एरिया त्याच्यासारखाच, तेव्हा तुम्ही साडेतीनशे धरा. शास्त्रातलं उपमान खरं म्हणजे हे नव्हे, नैयायिक रागावतील. पण व्यवहार याच रीतीने चालला. करारात जो आकडा लिहिला जाई तो मोजलेला नसे, बोलणी करून ठरलेला असे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या कागदपत्रांतही अशा वाटाघाटीने ठरलेल्या ग्राहकसंख्येचा उल्लेख येतो. आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. वाटाघाटीने किंमत ठरते, सीमा ठरते, लग्नाची तारीखही ठरते. वाटाघाटीने संख्या?

आणि विचारणारा एकटा वाहिनीवाला नव्हता. महाराष्ट्रात केबलवर करमणूक कर होता, कनेक्शनमागे ठरावीक रक्कम. ती वसुली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. तिथे सांगायचा आकडा वेगळा, कारण कराचा दर वेगळा आणि निरीक्षकाचा अंदाजही वेगळा. एमएसओला सांगायचा तिसरा. लाइन विकायला काढली की चौथा, आणि हा सगळ्यांत मोठा, कारण भाव कनेक्शनवर. पाचवा वहीत.

याहून गमतीचा भाग म्हणजे कॅरेज फी. जुन्या तारेची क्षमता मर्यादित होती, आणि कित्येक घरांतले टीव्ही तर इतके जुने की पहिल्या काही क्रमांकांपलीकडचं त्यांना नीट पकडताच येत नसे. वाहिन्या शेकड्यांनी निघाल्या, तेव्हा पुढच्या क्रमांकावर जागा मिळवायला वाहिन्याच एमएसओला पैसे देऊ लागल्या. दुकानदाराने माल घ्यायचा आणि वर फळीवर मांडण्याचेही पैसे घ्यायचे, तसं. प्रेक्षक मोजणारी यंत्रं ज्या शहरांत बसवलेली, तिथली फळी महाग. आता बघा, सकाळी पे चॅनेलचा माणूस आला की एमएसओ म्हणणार, आमची घरं फार थोडी हो. दुपारी नवी वाहिनी आली की तीच कंपनी, त्याच टेबलावर, सांगणार : आम्ही लाखो घरांत पोहोचतो. दोन्ही विधानं एकाच जाळ्याविषयी. विरोधनियम शिकवताना हे उदाहरण आम्हाला मिळालं असतं तर पोरं झोपली नसती.

सरकारने यावर पहिला उपाय २००२ मध्ये काढला. केबल कायद्यात दुरुस्ती करून पे चॅनेलसाठी घरात डबा सक्तीचा करायचा, म्हणजे ज्या घरात डबा तेवढंच घर मोजलं जाईल. याला कॅस म्हणत. विरोध कुणाचा झाला? केबलवाल्यांचा होणारच होता. पण आपलाही झाला. डब्याचे पैसे कोण देणार, हा आपला प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. सप्टेंबर २००३ मध्ये फक्त चेन्नईत ती व्यवस्था लागू झाली. बाकी शहरांत टळली. मग १ ऑक्टोबर २००४ ला ट्रायने आदेश काढून २६ डिसेंबर २००३ चे दर गोठवले, म्हणजे तेव्हा जो जे घेत होता त्याच्या वर जायचं नाही. वाटाघाटीचे खोटे दर असे कायद्याने अधिकृत झाले! पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ च्या अखेरीला मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत कॅस आली. मोफत वाहिन्यांचे जास्तीत जास्त ७७ रुपये आणि पे चॅनेल प्रत्येकी पाच रुपये, कर वेगळे. पे चॅनेलच्या पैशांत वाहिनीला ४५ टक्के, एमएसओला ३०, केबलवाल्याला २५. दक्षिण मुंबईतल्या आमच्या एका स्नेह्यांचं बिल खाली आलं आणि ते आम्हाला फोन करून चिडवत. आमच्याकडे वहीच होती.

दरम्यान डीटीएच आलं. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००६ मध्ये टाटा स्काय. त्यात प्रत्येक घराला स्वतःची छत्री, स्वतःचं कार्ड, आधी पैसे मग चित्र. तिथे लपवायला जागा नव्हती. तेव्हा वाहिन्यांना पहिल्यांदा दिसलं की घर मोजता येतं, आणि त्यांनी सरकारकडे लकडा लावला. डिसेंबर २०११ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांना मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. पुणे, नागपूर, नाशिक धरून ३८ शहरांना ३१ मार्च २०१३. छोटी शहरं आणि गावं त्यानंतर, २०१७ पर्यंत रेंगाळत. चेन्नईत आणि कोलकात्यात तर मुदत उलटूनही जुनी तार बराच काळ चालू राहिली.

डबे बसले. मग घरं मोजली गेली का? लगेच नाही. डबे मोजले गेले. डबा कुणाच्या नावावर, त्याने कोणत्या वाहिन्या मागितल्या, याचे अर्ज भरून घ्यायचे होते आणि ते केबलवाल्यांनी घ्यायचे होते. ते कशाला घाई करतील? नाव आणि पत्ता एकदा एमएसओच्या संगणकात गेला की गिऱ्हाईक कुणाचं राहिलं? ट्रायला २०१३ मध्ये अर्ज न भरलेले डबे बंद करण्याचा इशारा द्यावा लागला. आमच्या घरचा अर्ज आमच्या केबलवाल्यांनी स्वतःच भरला होता; आमचं वय त्यात चाळीस होतं, हा त्यातला सुखद भाग.

इथे आपण जरा थांबू. आतापर्यंत ऐकून तुमचं मत झालं असेल की केबलवाला लबाड होता. होता. आठशे घरं गिळणं ही चोरीच, तिला दुसरं नाव देऊन उपयोग नाही. पण हा धंदा उभा कुणी केला? पावसात खांबावर चढून, शॉक खाऊन, रात्री दोनला क्रिकेट बंद पडलं म्हणून शिव्या खाऊन, बँकेचं कर्ज न मिळता, या माणसांनी. देशभरात ती साठ हजारांच्या आसपास होती असं तेव्हा सांगितलं जाई. त्यांच्याकडे वाहिनी नव्हती, उपग्रह नव्हता, कायद्याने दिलेला हक्क नव्हता. एकच गोष्ट त्यांच्याकडे होती जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती : आकडा. एमएसओ त्यांना दाबत होत्या, वाहिन्या एका हव्या वाहिनीबरोबर चार नको त्या गळ्यात बांधत होत्या. त्या भांडणात आकडा दडवणं हेच त्यांचं हत्यार होतं. आणि आकडा उघड झाल्यावर फायदा प्रेक्षकाचा होईल असं जे सांगितलं गेलं, त्याचं काय झालं तेही पाहिलं पाहिजे.

१ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरव्यवस्था आली. प्रत्येक वाहिनीची किंमत पडद्यावर दिसणार, आपण निवडायची. १०० वाहिन्यांपर्यंत जाळ्याचं भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पे चॅनेल वेगळी. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीला १९ रुपयांची मर्यादा. आणि बघता बघता बहुतेक लोकप्रिय वाहिन्यांची किंमत नेमकी १९ रुपये! एकेक वाहिनी घ्यावी तर महाग, गठ्ठा घ्यावा तर स्वस्त, आणि गठ्ठ्यात पुन्हा त्या चार नको त्या वाहिन्या. मग मर्यादा १२ करण्याचा आदेश, त्यावर कोर्टकचेऱ्या, आणि शेवटी १ फेब्रुवारी २०२३ पासून पुन्हा १९. आता घर न घर मोजलेलं आहे, पण किती जणांच्या घरचं बिल कमी झालं, हात वर करा. तिसऱ्या रांगेत एक हात दिसतोय. तुमच्याकडे बहुधा डीडी फ्री डिश असेल. हो ना?

केबलवाल्याच्या वाट्याला या व्यवस्थेत भाड्यातले ४५ टक्के आले, वेगळा करार नसेल तर. पे चॅनेलच्या वितरण शुल्कातही त्याचा तेवढाच वाटा राहिला. करमणूक कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या एमएसओंचा ताबा घेण्याचं जाहीर केलं. टेलिफोनवाल्यांना या कंपन्यांत रस का, तर वाहिन्यांसाठी नव्हे. शहरातली कुठली तार कुठल्या घरात जाते, हे तयार मिळत होतं म्हणून.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे : तुमच्या त्या केबलवाल्यांची घरं शेवटी किती निघाली? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. गेल्या वर्षी ते आमच्याकडे ब्रॉडबँडची तार टाकायला आले होते. आता ते साठीला आले आहेत, पुतण्या कॉम्प्युटर सांभाळतो. चहा घेताना आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी मोबाइल काढला, कंपनीचं अॅप उघडलं आणि पडदा आमच्यासमोर धरला : चालू डबे ४१२. म्हणाले, "बघा सर, आता लपवायचं काही राहिलंच नाही." मग खांद्याच्या पिशवीतून तीच लांबट वही काढली. तिच्यात त्या महिन्याच्या खुणा ३८७ होत्या. उरलेल्या पंचवीस घरांचं काय, विचारलं. म्हणाले, "दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात, एकाची नोकरी गेली, काहींचे पैसे पुढच्या महिन्यात येतील. त्यांचा रिचार्ज मी माझ्या खिशातून मारतो. ते अॅपमध्ये कुठं लिहायचं?"